मानसिक स्थिती : सामान्य

कोपरखैरण्यात, माथाडींच्या बैठ्या घरांत
माझा दवाखाना.
वरच्या वाढवलेल्या मजल्यावर घरमालकीणबाई पापड लाटतात,
खाली मी रक्तदाब मोजते.

शस्त्र परवान्याला डॉक्टरचा दाखला लागतो.
परवाना पोलिसांचा, सही माझी.

कोंडीराम कासुर्डे आले होते मार्गशीर्षात.
पलटणीतून निवृत्त, मग सोनाराच्या दुकानाबाहेर
अकरा वर्षं स्टुलावर,
मांडीवर दुनळी, स्वतःच्या नावावरची.
नजर : चष्म्यासह सहा बाय सहा.
हात पुढे करा, बोटं पसरा. थरथर नाही.
फीट येते? नाही.
दारू? "सणासुदीला घ्यायचो. आता तीही नाही."

त्या 'आता'पाशी थांबायला हवं होतं मी.
बाहेर अठरा पेशंट, एक मूल कोकलत होतं.
मानसिक स्थिती, दीड इंचाचा रकाना.
लिहिलं : सामान्य.
शिक्का उलटा उमटला म्हणून पुन्हा मारला.
दोनशे रुपये. त्यांनी सुट्टे दिले.

बायको जाऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते.
हे मला चैत्रात कळलं,
त्यांचा भाचा मृत्यूचा दाखला मागायला आला तेव्हा.
म्हटलं, तो मला देता येत नाही,
असा मृत्यू शवागारातून जातो.
"हो," तो म्हणाला, "गेला."
सोमवार होता, दुकान बंद.
पेटीला कुलूप होतं,
शिस्तीचा माणूस,
किल्ली करगोट्याला.

डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची माणसं येतात,
फ्रीजमागचा ट्रे ओढतात,
मनीप्लांटच्या बाटलीत बॅटरी मारतात.
कुणी रागावत नाही.
एका डासासाठी आपण सगळं घर उघडून दाखवतो.
मीही आयांना विचारतेच :
उंदराचं औषध कुठे ठेवता? गच्चीला कठडा आहे?
बंदूक रात्री कुठे असते, हे विचारायला
कॉलेजात कुणी शिकवलं नाही.
गोळी लागल्यावर काय करायचं ते शिकवलं,
त्याची सतरा पानं होती.

आता विचारते.
चष्मा, हात, फीट, आणि मग पेन खाली ठेवून
घरी कोण कोण असतं, झोप लागते का,
किल्ली कुणाकडे.
ऐरोलीचे एक बिल्डर उठूनच गेले.
"ताप बघा, डॉक्टर, ताप."
मागच्या गल्लीत दीडशेत सही मिळते, मान वर न करता.
मला ठाऊक आहे.

निवृत्ती शेलार बसून राहिले.
बँकेच्या पैशांच्या गाडीवर असतात.
"गोळ्या कुठे ठेवता?"
"रक्तदाबाच्या?"
"त्याही सांगा."
हसले. मग कितीतरी वेळ टोपीची शिवण चाचपत होते.
"मला झोप लागते, बाई.
पोरगा जागा असतो. कंपनी बंद पडल्यापासून.
किल्लीची जागा त्याला माहीत आहे."
बाहेर कुणीतरी दार वाजवलं.
मी उठले नाही.
दाखलाही दिला नाही त्या दिवशी.

पंधरवड्याने खोकला घेऊन आले.
स्टेथोस्कोप गार लागला, अंग चोरलं.
बटणं लावताना, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले :
"पोलीस ठाण्यात जमा केली.
मला आता गेटवर बसवलंय, काठी देऊन.
पगार तीन हजारांनी उतरला."
मी काय बोलणार?
"पोराला पाठवू म्हणतो तुमच्याकडे. पण तो यायचा नाही."
"वरच्या बाईंचे पापड न्यायला पाठवा," म्हटलं,
"जिना माझ्या दारातूनच आहे."

केसपेपरवर लिहिलं :
कोरडा खोकला, पाच दिवस. छाती स्वच्छ.
बंदूक घरात नाही.
मुलगा,
आणि पुढे बरीच जागा सोडली.